सी-स्टेट बंद केल्यावर मेमरी एरर थांबतात, मग पुढे काय?

सर्व्हरच्या लॉगमध्ये ईडॅकची (लिनक्समधली मेमरीचे एरर नोंदवणारी यंत्रणा) ती ओळ येते, अमुक कंट्रोलर, अमुक चॅनल, अमुक स्लॉट, एक करेक्टेबल, म्हणजे आपोआप दुरुस्त झालेला, एरर, आणि त्यावर शोधायला बसलं की कुठेतरी हमखास हा सल्ला सापडतोच की बायोसमध्ये जाऊन सी-स्टेट, म्हणजे काम नसताना प्रोसेसरनं झोपायच्या पायऱ्या, बंद करा, एरर येणं थांबेल. आणि खरंच कधीकधी थांबतं. म्हणून तो सल्ला खोटा आहे असं मी म्हणणार नाही, मी स्वतः हे होताना बघितलंय. मला खटकतं ते त्याच्या पुढचं, की एरर थांबले म्हणून विषय मिटला असं धरून ती सेटिंग कायमची तशीच ठेवून देतात आणि मशीन परत प्रॉडक्शनला, म्हणजे खऱ्या कामाला, लावतात. आयडलची, म्हणजे मशीन रिकामं असतानाची, सेटिंग बदलल्यावर एरर थांबत असतील तर तुमच्या हाताला फार मोलाचा धागा लागलाय, बिघाड कुठे असेल याचा अंदाज त्यानं बराच पक्का होतो, पण बिघाड अजून तिथेच आहे. तो शोधायचा राहिलाय.

हे नीट पटवायचं तर आधी थोडं ईसीसीबद्दल, म्हणजे मेमरीतल्या चुका पकडून दुरुस्त करायच्या पद्धतीबद्दल, बोलायला लागेल.

डीडीआर४ प्रकारच्या रॅमच्या ईसीसी स्टिकवर दर ६४ बिट डेटामागे ८ बिट जादा असतात, म्हणून बस, म्हणजे डेटाची वाट, ७२ बिटांचा. त्या जादा बिटांत तपासणीची माहिती ठेवलेली असते, मूळ कल्पना रिचर्ड हॅमिंग यांची, बेल लॅब्समध्ये असताना त्यांनी १९५० साली त्यावर पेपर लिहिला, आणि आज सत्तर-पंच्याहत्तर वर्षांनीही आपण त्याच पायावर उभे आहोत याचं मला दरवेळी कौतुक वाटतं. साध्या प्रकारात एक बिट उलटला तर कुठला उलटला ते कळतं आणि तो जागीच दुरुस्त होतो, दोन उलटले तर फक्त "काहीतरी बिघडलंय" एवढंच कळतं, दुरुस्ती होत नाही. मोठ्या सर्व्हरमध्ये याच्या पुढचा प्रकार असतो, आयबीएमनं त्याला चिपकिल म्हटलं आणि इंटेल एसडीडीसी म्हणतं, त्यात स्टिकवरची एक अख्खी चिप चुकीचं देत असली तरी डेटा सावरता येतो. त्यामुळे लॉगमध्ये "करेक्टेबल" दिसलं म्हणजे एखादाच बिट हलला असेल असंही धरून चालत नाही, एखादी पूर्ण चिप मरायला टेकली असेल आणि तरीही सगळे एरर करेक्टेबलच दिसत असतील.

यातली एक गोष्ट लोक विसरतात आणि आजच्या विषयात तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. एरर कळतो तो वाचताना. बिट कधी उलटला हे मेमरी कंट्रोलरला (रॅमशी बोलणाऱ्या प्रोसेसरमधल्या भागाला) माहीत नसतं, त्याला ती जागा वाचल्यावरच समजतं की इथे गडबड आहे. म्हणून सर्व्हरमध्ये पॅट्रोल स्क्रब नावाचा प्रकार असतो, हार्डवेअर स्वतःच मागे हळूहळू सगळी मेमरी वाचत जातं आणि जिथे चूक दिसेल तिथे दुरुस्त करून परत लिहितं, बऱ्याच मशीनवर साधारण २४ तासांत एक फेरी पूर्ण होईल अशा बेतानं. आता समजा दुपारी कधीतरी एक बिट उलटला आणि रात्री स्क्रबर तिथे पोचला किंवा बॅकअपनं ती जागा वाचली, तर लॉगमध्ये वेळ रात्रीची पडणार. "आमचे एरर फक्त रात्री येतात म्हणजे आयडलमुळेच येतात" असं कुणी म्हटलं की मी पहिल्यांदा हेच विचारतो की रात्री त्या मशीनवर काय काय चालतं. मशीन रिकामं असतं का खरंच, की उलट सगळ्यात जास्त मेमरी रात्रीच वाचली जाते?

दुसरी भानगड रिपोर्टिंगची. एरर प्रोसेसरच्या मशीन चेक बँकेत, म्हणजे चुका नोंदवायच्या खास रजिस्टरांत, नोंदवला जातो, इंटेलच्या नेहालेम पिढीपासून पुढच्या प्रोसेसरवर त्यासाठी वेगळा इंटरप्ट (लगेच लक्ष वेधणारा संकेत) येतो, शिवाय लिनक्स कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, डिफॉल्टनं दर ५ मिनिटांनी त्या बँका स्वतःही बघून येतो, आणि एररचा पूर आला तर इंटरप्ट बंद करून फक्त अधूनमधून बघायला लागतो. पण बऱ्याच सर्व्हरवर फर्मवेअर, म्हणजे बोर्डवरचं बायोससारखं सॉफ्टवेअर, आधी हात घालतं, म्हणजे एरर आला की एसएमआय, फर्मवेअरकडे ताबा देणारा खास इंटरप्ट, होतो, फर्मवेअर तो मोजतं आणि ठराविक संख्या ओलांडली तरच बीएमसीच्या (सर्व्हरवर देखरेख ठेवणाऱ्या वेगळ्या चिपच्या) लॉगमध्ये किंवा ऑपरेटिंग सिस्टिमला सांगतं. म्हणून बीएमसीत एकच नोंद आणि कर्नलच्या लॉगमध्ये भरपूर, किंवा बरोबर उलटं, असं दिसू शकतं आणि त्यात दोघांपैकी कुणी खोटं बोलत नसतं. आकडे बघताना ते मोजलेत कुणी हे आधी ठरवायचं. मी रासडीमन हा एरर नोंदवणारा प्रोग्रॅम चालू ठेवतो, त्याच्या डेटाबेसमध्ये प्रत्येक एररची वेळ आणि जागा राहते, आणि /सिसच्या खाली ईडॅकच्या फोल्डरमध्ये प्रत्येक स्टिकचा सीई काउंट, म्हणजे करेक्टेबल एररची संख्या, असतोच, तो मॉनिटरिंगमध्ये घ्यायला एका ओळीचं काम आहे.

आणि अजून एक, बँक कुठली आहे ते वाचा. हे मी मुद्दाम जोर देऊन सांगतोय, कारण "करेक्टेड हार्डवेअर एरर" एवढंच वाचून रॅम बदलायला धावलेले लोक मी बघितलेत. मशीन चेकच्या यंत्रणेतून फक्त रॅमचे एरर येत नाहीत, प्रोसेसरच्या आतल्या एल२, एल३ कॅशचे, म्हणजे छोट्या वेगवान मेमरीचे, करेक्टेबल एररही तिथूनच येतात. एएमडीच्या झेन प्रोसेसरवर डिकोड झालेल्या मेसेजमध्ये "युनिफाइड मेमरी कंट्रोलर" असं स्पष्ट नाव येतं, ते असेल तर रॅमच्या दिशेनं जा. तिथे कॅशचं नाव असेल तर सगळ्या स्टिक बदलल्या तरी फरक पडणार नाही. आणि आयडलशी जोडून बघितलं तर कॅशचा मुद्दा आणखीच पुढे येतो, कारण कोअर खोल झोपेत जातो तेव्हा त्याचं व्होल्टेज आणि कॅश दोन्हींत उलथापालथ होते, मेमरीचा तिथे संबंधच नसेल.

एरर येतात कशानं? जुनी आणि लोकप्रिय गोष्ट अल्फा कणांची आणि कॉस्मिक रेजची. ती खरी आहे, १९७० च्या दशकाच्या शेवटी इंटेलमध्ये लक्षात आलं होतं की चिपच्या पॅकेजिंगच्या मटेरियलमध्येच युरेनियम-थोरियमचे अगदी बारीक अंश आहेत आणि त्यातून निघणारे अल्फा कण डीरॅमचे, म्हणजे रॅमच्या चिपचे, बिट उलटवतात. पण आज सर्व्हरवर दिसणाऱ्या एररचं खापर दरवेळी आकाशावर फोडायचं काही कारण नाही. गुगलनं टोरांटो युनिव्हर्सिटीबरोबर २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता, त्यांच्या स्वतःच्या ताफ्यातल्या मशीनवर अडीच वर्षं जमवलेल्या डेटावरचा. वर्षभरात साधारण एक तृतीयांश मशीनवर आणि ८ टक्क्यांहून जास्त स्टिकवर किमान एकतरी करेक्टेबल एरर दिसला होता. त्यांचा निष्कर्ष असा की यात सहज येऊन जाणाऱ्या सॉफ्ट एररपेक्षा हार्ड एररच जास्त, म्हणजे खरोखर हार्डवेअरमध्ये काहीतरी कच्चं असल्यामुळे येणारे, आणि तापमानाचा परिणाम लोक समजतात त्यापेक्षा बराच कमी. ज्या स्टिकवर एकदा एरर आला तिच्यावर परत यायची शक्यता खूप जास्त. आणि करेक्टेबल एरर आलेला असेल तर अनकरेक्टेबल यायची शक्यता, मशीनच्या प्रकारानुसार, ९ ते ४०० पट वाढलेली दिसली.

४०० पट! मूळ शक्यता लहान असते हे मान्य, तरीपण. "दुरुस्त झालाय ना, मग कशाला बघायचं" याला माझं उत्तर हा आकडा आहे.

हार्ड एररमध्येही दोन घराणी आहेत आणि हा फरक आपल्याला लागणार आहे. एक म्हणजे साठवणीतला बिघाड, चिपमधला एखादा सेल (एक बिट ठेवायची जागा) किंवा अख्खी रो (सेलची ओळ) कमजोर, चार्ज धरून ठेवत नाही. डीरॅमचा प्रत्येक सेल ६४ मिलिसेकंदांच्या आत रिफ्रेश व्हायला, म्हणजे त्याचा चार्ज परत भरला जायला, लागतो, डीडीआर४ मध्ये सरासरी दर ७.८ मायक्रोसेकंदांनी एक रिफ्रेश कमांड जाते, आणि ८५ डिग्रीच्या वर गेलं की ती दुप्पट वेगानं द्यावी लागते, इतकं ते नाजूक काम आहे. दुसरं म्हणजे वाटेतला बिघाड, म्हणजे डेटा चिपमध्ये बरोबर आहे पण कंट्रोलरपर्यंत येताना चुकतोय, स्लॉटचा कॉन्टॅक्ट, प्रोसेसरच्या सॉकेटची एखादी पिन, बोर्डवरची ट्रेस, किंवा टायमिंग अगदी काठावर बसलेलं. पहिल्या प्रकारात एरर त्याच त्याच अ‍ॅड्रेसवर, त्याच रो-कॉलमवर येत राहतात. दुसऱ्या प्रकारात अ‍ॅड्रेस विखुरलेले असतात पण बऱ्याचदा बिटची जागा तीच असते, किंवा चॅनल तोच असतो.

आता सी-स्टेट. कोअरला काम नसलं की कर्नल त्याला झोपवतो, सी१ म्हणजे हलकी डुलकी, घड्याळ थांबतं बाकी सगळं जागेवर, सी१ई मध्ये व्होल्टेज पण उतरतं, आणि सी६ मध्ये कोअरची सगळी अवस्था बाजूला साठवून त्याची वीज जवळपास तोडूनच टाकतात. इंटेलच्या स्कायलेक सर्व्हर प्रोसेसरसाठी लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये जे आकडे आहेत ते बघितले की अंदाज येतो: सी१ मधून उठायला २ मायक्रोसेकंद, सी१ई मधून १०, सी६ मधून १३३, आणि किमान ६०० मायक्रोसेकंद झोप मिळणार असेल तरच सी६ परवडतं असं तो ड्रायव्हर धरतो. म्हणजे आपण ज्याला "रिकामा सर्व्हर" म्हणतो तो खरं तर सेकंदाला कितीतरी वेळा झोपत-उठत असतो, आणि प्रत्येक उठण्याला करंटचा एक झटका असतो, व्होल्टेज रेग्युलेटरला तो सांभाळावा लागतो. भरपूर लोडवर चाललेलं मशीन त्या मानानं इलेक्ट्रिकली शांत असतं, एका पातळीवर टिकून असतं.

पण मेमरीच्या दृष्टीनं खरी गोष्ट कोअरच्या सी-स्टेटमध्ये नाही, पॅकेजच्या सी-स्टेटमध्ये आहे. सगळे कोअर खोल झोपले आणि बाकीचंही काही हालत नसलं की पूर्ण प्रोसेसर पॅकेज सी६ मध्ये जाऊ शकतो, आणि तेव्हा मेमरीला सेल्फ-रिफ्रेशमध्ये टाकता येतं, म्हणजे कंट्रोलर म्हणतो आता तुझं तू बघ, रिफ्रेश चिप स्वतःच करते आणि कंट्रोलर आपल्या बाजूची घड्याळं आणि ड्रायव्हर बंद करतो. परत येताना ते सगळं जागेवर आणायचं, घड्याळं स्थिर करायची, टायमिंग जुळवायचं आणि मग पहिलं रीड. जे टायमिंग आधीच काठावर बसलेलं आहे, ज्या पिनचा कॉन्टॅक्ट थोडा सैल आहे, ते नेमकं इथे घसरतं. मशीन सतत चालू असताना ज्या वाटेवर काही त्रास नव्हता तीच वाट झोपेतून उठल्यावर पहिल्या क्षणाला चुकते. सी-स्टेट बंद केल्यावर एरर थांबण्याचं हे एक अगदी पटण्यासारखं कारण आहे, आणि ते बोट दाखवतं वाटेतल्या बिघाडाकडे. चिपच्या आतला सेलच मेलेला असेल तर तो सी६ असो नसो, स्क्रबरला सापडणारच.

म्हणून अंदाज बांधायच्या आधी टर्बोस्टॅट हा झोपेचे टक्के दाखवणारा लिनक्सचा प्रोग्रॅम चालवा. त्यात कोअरचं सी६ किती टक्के आणि पॅकेजचं पीसी६ किती टक्के असे वेगवेगळे कॉलम येतात. पीसी६ चा कॉलम कायम शून्य असेल तर तुमचं मशीन पॅकेजच्या खोल झोपेत जातच नाहीये, मग वर सांगितलेली सेल्फ-रिफ्रेशची कथा तुमच्या केसला लागूच होत नाही, आणि तरीही सी६ बंद केल्यावर एरर थांबत असतील तर नजर व्होल्टेजकडे, कॅशकडे, प्रोसेसरकडे वळवायला पाहिजे. या एका कॉलमवर तपासाची दिशा बदलते आणि तो बघायला मिनिटभर लागतं, तरी लोक सरळ बायोसमध्ये शिरतात.

मेमटेस्ट या रॅम तपासायच्या प्रोग्रॅमबद्दल पण इथेच बोलून घेतो. मेमटेस्ट रात्रभर चालवला, एकही एरर नाही, म्हणजे रॅम ठीक, हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकलंय आणि आयडलशी जोडलेल्या एररच्या बाबतीत ते बिलकुल लागू नाही. मेमटेस्ट चालू असताना मशीन खोल झोपेत जवळपास जातच नाही. जी परिस्थिती तपासायची आहे तीच तो घालवून टाकतो! त्यापेक्षा उलटं करा, मशीन लिनक्सवरच राहू द्या, टीएमपीएफएसवर (रॅममध्येच राहणाऱ्या फाइल सिस्टिमवर) मोकळ्या मेमरीचा मोठा भाग भरेल एवढ्या फाइल ठेवा, काही मिनिटं काहीही चालवू नका, मग सगळ्या फाइल एकदा वाचून चेकसम (मजकूर बदलला का ते कळणारा आकडा) काढा, परत झोपू द्या, परत वाचा, हे लूपमध्ये टाकून द्या. फाइल एल३ कॅशपेक्षा खूप मोठ्या असायला हव्यात नाहीतर रीड रॅमपर्यंत पोचणारच नाही. चेकसम जुळेल बहुतेक, कारण ईसीसी दुरुस्त करतंय, तुम्हाला बघायचाय तो सीई काउंट. हेच सी६ चालू ठेवून एकदा आणि बंद ठेवून एकदा, दोन्हीकडे सारखा वेळ. दोन आकड्यांत स्पष्ट फरक दिसला तरच आयडलचा संबंध आहे असं म्हणायचं. एरर मुळातच तुरळक असतील तर घाई करू नका, चार एररवरून काहीच सिद्ध होत नाही.

सी६ बंद करायला रीबूटसुद्धा लागत नाही. सीपीयूपॉवरच्या आयडल-सेट कमांडनं अमुक लेटन्सीच्या (उठायला लागणाऱ्या वेळेच्या) वरच्या सगळ्या स्टेट बंद करता येतात, किंवा सिसएफएसमध्ये, म्हणजे त्याच /सिसच्या खाली, प्रत्येक कोअरच्या प्रत्येक स्टेटला "डिसेबल" नावाची फाइल असते तिच्यात १ लिहायचा, ० लिहिला की परत चालू. टेस्टसाठी हेच सगळ्यात चांगलं, कारण रीबूट केला की मेमरी ट्रेनिंग, म्हणजे बूट होताना मेमरीचं टायमिंग जुळवणं, नव्यानं होऊ शकतं, टायमिंगचे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, आणि मग एरर थांबले ते सेटिंगमुळे की नव्या ट्रेनिंगमुळे हे सांगता येत नाही. बायोसच्या सल्ल्यात हा घोळ हमखास असतो, सेटिंग बदलली म्हणजे रीबूट आलाच, आणि श्रेय सगळं सेटिंगला जातं.

कर्नलच्या बूट पॅरामीटरमध्येही एक खड्डा आहे. इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=० लिहिलं की सगळ्या सी-स्टेट बंद असं वाटतं, पण त्यानं फक्त इंटेल_आयडल हा ड्रायव्हर बंद होतो आणि कर्नल एसीपीआयच्या (बायोसनं ऑपरेटिंग सिस्टिमला माहिती द्यायच्या पद्धतीच्या) आयडल ड्रायव्हरवर जातो, आणि तो बायोसनं दिलेल्या स्टेट वापरतो, त्यात सी६ पण असू शकतं. हवं असतं ते बहुतेक =१, आणि सोबत प्रोसेसर.मॅक्स_सीस्टेट=१. उलट बाजूनं, इंटेल_आयडल २०१० मध्ये कर्नलमध्ये आला तेव्हापासून बरीच वर्षं तो आपल्या स्वतःच्या टेबलवरून स्टेट ठरवायचा, बायोसची एसीपीआयची यादी बघायचाच नाही, २०२० च्या ५.६ पासून तो काही सर्व्हर प्रोसेसरवर ती यादी विचारात घ्यायला लागला. म्हणून जुन्या कर्नलवर बायोसमध्ये सी-स्टेट "डिसेबल्ड" आणि प्रत्यक्षात कोअर मजेत सी६ मध्ये, असंही व्हायचं. कुठेही काहीही बंद केलं तरी शेवटी टर्बोस्टॅटमध्ये आकडा बघा. आणि आयडल=पोल हा पर्याय यासाठी वापरू नका, त्यात रिकामा कोअर नुसता गरगरत राहतो, उष्णता वाढते आणि हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन थ्रेड) असेल तर शेजारच्या थ्रेडचा वाटा खातो.

कायमचं बंद ठेवायला काय हरकत आहे असं विचारणारे असतात. विजेचा खर्च आहेच, पण त्याहून कमी माहीत असलेली गोष्ट म्हणजे टर्बो, कोअरनं तात्पुरता वेग वाढवणं. इंटेलच्या प्रोसेसरवर बाकीचे कोअर सी६ मध्ये असतील तरच जागे असलेल्या एक-दोन कोअरना सगळ्यात वरची फ्रिक्वेन्सी मिळते. सी६ बंद केलं की तो वरचा टप्पा गेला, सिंगल थ्रेडचं काम हळू झालं. लेटन्सी जपायची असलेल्या कामांसाठी लोक हे जाणूनबुजून करतात, ट्यून्ड या लिनक्सच्या टूलमध्ये त्यासाठी तयार प्रोफाइल पण आहे, तिथे तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो आणि मला त्याबद्दल काही म्हणायचं नाही.

आणि खरोखर प्रोसेसरचाच दोष असतो अशा केसही आहेत, त्या सांगितल्या नाहीत तर माझं लिहिणं एकांगी होईल. एएमडीच्या एपिक ७००२ मालिकेत, म्हणजे रोममध्ये, एक नोंदवलेला दोष आहे, इरॅटम १४७४, सिस्टिम रीसेट झाल्यापासून साधारण १०४४ दिवसांनी एखादा कोअर सीसी६ (कोअरचं सी६) मधून उठतच नाही, हँग होतो, आणि उपाय म्हणून एएमडीनंच सांगितलंय की त्याआधी रीबूट करा किंवा सीसी६ बंद ठेवा. इंटेलच्या बे ट्रेल प्रोसेसरवर लिनक्स गोठायचं आणि लोक वर्षानुवर्षं मॅक्स_सीस्टेट=१ लावून जगत होते. पहिल्या पिढीच्या रायझनवर मशीन रिकामं असतानाच हँग व्हायचं, त्यासाठी बायोसमध्ये पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल नावाची सेटिंग आली आणि ती "टिपिकल करंट आयडल"वर ठेवली की बऱ्याच जणांचं थांबलं. या सगळ्या ठिकाणी आयडलची सेटिंग बदलणं हाच योग्य इलाज होता, कारण दुखणंच तिथे होतं. पण बघा, या कुठल्याही केसमध्ये लक्षण करेक्टेबल मेमरी एरर हे नव्हतं, हँग हे होतं. या गोष्टींची सरमिसळ करून "सी-स्टेट मुळातच वाईट" असं ठरवलं की तपास तिथेच थांबतो.

मी बघितलेली एक केस सांगतो. दोन सॉकेटचा सर्व्हर, एकाच चॅनलवर थोडे थोडे एरर, लोड असताना काही नाही, शांत असताना येणार. सी६ बंद केल्यावर थांबले, परत चालू केल्यावर परत आले, ते अनेकदा करून बघितलं. टर्बोस्टॅटमध्ये पीसी६ दिसत होतं. अ‍ॅड्रेस विखुरलेले. मग त्या स्लॉटची स्टिक शेजारच्या चॅनलवरच्या स्टिकशी बदलली, आणि एरर स्टिकबरोबर गेले नाहीत, त्याच स्लॉटवर राहिले. म्हणजे नवी स्टिक मागवून उपयोग नव्हता. प्रोसेसर काढून, सॉकेट नीट बघून, साफ करून, टॉर्क स्क्रूड्रायव्हरनं सांगितलेल्या क्रमानं परत बसवला आणि सी६ चालू ठेवूनच लूप लावला, एरर गेले. मोठ्या सॉकेटवर हजारो पिना असतात आणि दाब एका बाजूला कमी पडला की एखादा मेमरी चॅनल रुसतो, हे सर्व्हर हाताळणाऱ्यांना नवीन नाही. सी६ बंद करून सोडलं असतं तर तो कमी दाबाचा कॉन्टॅक्ट तसाच राहिला असता, आणि त्याच चॅनलवर उद्या दोन बिट एकदम चुकले असते तर मशीन पॅनिक, म्हणजे कर्नलनं सगळं थांबवून टाकलं असतं.

एरर स्टिकबरोबर गेले असते तर निर्णय सोपा होता, बदला. अ‍ॅड्रेस एकच असेल आणि काउंट वाढत नसेल तर कर्नल ते पेज (मेमरीचा तो छोटा तुकडा) बाजूला काढू शकतो, डीडीआर४ पासून पोस्ट पॅकेज रिपेअर पण आहे, म्हणजे खराब रोच्या जागी चिपमधलीच राखीव रो लावता येते, बरेच सर्व्हर हे बूट होताना आपोआप करतात. काउंट वाढत असेल किंवा वेगवेगळे अ‍ॅड्रेस जोडले जात असतील तर मी वाट बघत नाही.

डीडीआर५ वर हे सगळं अजून महत्त्वाचं होणार आहे असं मला वाटतं. त्यात प्रत्येक चिपच्या आतच स्वतःचं ईसीसी आहे, १२८ बिटांमागे ८ बिट, एका सेलची चूक चिप आतल्या आत सावरते आणि नेहमीच्या मार्गानं बाहेर सांगत नाही. ते सर्व्हरच्या नेहमीच्या ईसीसीची जागा घेत नाही, कारण चिप ते कंट्रोलर या वाटेवर त्याचं काहीच संरक्षण नाही. पण त्यामुळे होतं असं की एकट्यादुकट्या सेलच्या चुका गाळल्या जातात आणि कंट्रोलरपर्यंत पोचतात त्यात वाटेतल्या चुका आणि मोठे बिघाड यांचा वाटा वाढतो. म्हणजे डीडीआर५ च्या मशीनवर करेक्टेबल एरर दिसला तर मी तो डीडीआर४ पेक्षा जास्त गंभीरपणे घेतो, आणि आयडलची टेस्ट आधी करतो.

मॉनिटरिंगमध्ये मी आता सीई काउंटच्या बरोबर कोअर आणि पॅकेजच्या सी६ चे टक्के पण साठवतो, एकाच ग्राफवर. दोन्ही आकडे एकत्र असले की पुढच्या वेळी "रात्रीच का येतात" हे अंदाजानं बोलायला लागत नाही. आणि स्टिक बदला नाहीतर सॉकेट दुरुस्त करा, काम झाल्यावर टेस्टसाठी बंद केलेलं सी६ परत चालू करा, मशीन लोड न देता तसंच ठेवा, वाचायचा लूप लावा, आणि काउंट हलत नाही हे बघूनच ते प्रॉडक्शनला द्या.